पारवण्याचे शहाण्णव तास

सोमवारी सकाळी अकरा वाजता पारवण्यातला शेवटचा पंप बंद झाला आणि कणकवलीच्या कचेरीतल्या पडद्यावर गावाचा हिरवा ठिपका पिवळा झाला. दुर्वा घाडी तेव्हा चहा पीत होती. तिने ठिपक्याकडे पाहिलं, गालातल्या गालात हसली आणि उरलेला चहा संपवला. दोनशे बारा गावांतल्या या एकाच गावाचा रंग का बदलला, हे त्या कचेरीत फक्त तिलाच ठाऊक होतं. गाव तिचं होतं, आणि ते रिकामं करा असं सांगणारा माणूस तिचा बाप होता.

पारवण्यात गावपळण होती. चारपाच वर्षांतून एकदा ग्रामदैवत रवळनाथाने कौल दिला की अख्खं गाव उठतं. गुरं, कुत्री, कोंबड्या, आजारी म्हातारी, तान्ही पोरं, सगळ्यांना घेऊन शिवेबाहेरच्या माळावर झावळ्यांच्या खोपी घालतं आणि तीन दिवस तीन रात्री तिथे राहतं. तेवढ्या काळात गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, विहिरीत घागर बुडत नाही. चौथ्या दिवशी सकाळी घाडी आणि चार मानकरी तेवढे देवळात जातात. देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर गाव भरायचं, डावी आधी पडली तर आणखी एक दिवस बाहेर. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा. तो मान दुर्वाच्या घरात किती पिढ्या होता कोण जाणे; सध्या तिचे बाबा, दिगंबर घाडी, तो चालवत होते.

आता या सगळ्यात पडद्यावरच्या ठिपक्याचा काय संबंध, ते सांगायला हवं.

तो ठिपका ज्या यंत्रणेतला होता, तिचं नाव ती चालवणाऱ्या खाडीपट्टा मंडळाच्या कागदांत प्रादेशिक प्रतिरूप असं भारदस्त होतं, पण शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळे तिला जुळं म्हणत. घाटाच्या कड्यापासून समुद्रापर्यंतच्या मुलखाचं संगणकात वाढवलेलं जुळं भावंड. प्रत्येक घराच्या नळावर मीटर होता, प्रत्येक विहिरीत पातळी मोजणारी नळी होती, ओढ्यांत, बागांच्या मातीत, खाडीच्या मुखाशी हजारो संवेदक होते. त्यांची माहिती दर मिनिटाला जुळ्यात जायची, आणि खऱ्या मुलखात जे चाललंय तेच जुळ्यातही चालायचं. शिवाय जुळ्यात काळ पुढे ढकलता यायचा. एखाद्या गावाने बोटींसाठी धक्का मागितला की तो आधी जुळ्यात बांधायचा, तीस वर्षं पुढे जाऊन कुणाचं काय झालं ते बघायचं आणि सात मिनिटांत परत यायचं. पूर्वी रस्ता कुठून जाणार हे आमदारांचा मेहुणा कुठे राहतो त्यावर ठरायचं. जुळ्याला मेहुणा नव्हता. चार वर्षांत टँकर बंद झाले, तीन तालुक्यांना चालणारी रुग्णालयं मिळाली, आणि पारवण्याच्या ग्रामसभेत उभं राहून "घरोघर मीटर बसवून घ्या, तुमचं भलंच होईल" असं सांगणारी दुर्वाच होती. लोकांनी बसवून घेतले, कारण ती दिगूभाऊंची मुलगी होती.

जुळं आल्यावर ग्रामपंचायतींचे बहुतेक अधिकार मंडळाकडे गेले. एक उरला, पण तो भक्कम होता. आपल्या शिवेत एखादी गोष्ट नको असेल तर ग्रामसभा नाही म्हणू शकत होती, आणि त्या नाहीपुढे मंडळाचं काही चालत नव्हतं. हा अधिकार ओसाड गावांच्या नावावर कुणी वापरू नये म्हणून मंडळाने एक नियम केला होता. कोकणातली निम्मी घरं मुंबईकरांची, वर्षाचे अकरा महिने कुलपात. तेव्हा ज्या वस्तीत सलग शहाण्णव तास दहा घरांतही पाणी ओढलं गेलं नाही, ती रिक्त. रिक्त वस्तीची ग्रामपंचायत आपोआप विसर्जित, कारभार मंडळाकडे, फेरविचार पाच वर्षांनी. आधी ही मोजणी दिव्यांवरून व्हायची, तर लोक दादरला बसून मोबाइलवरून गावचे दिवे लावायला लागले. पाण्याचं तसं करता येत नाही. माणसं दिवसभर थोडं थोडं पाणी कसं वापरतात, ती चाल जुळ्याला बरोबर ओळखू यायची.

गाव काही दिवस बाहेर जाणार असेल तर त्यासाठीही अर्ज होता. सहा महिने आधी, नेमक्या तारखांसह. दुर्वाने तो श्रावणातच बाबांपुढे ठेवला होता. बाबांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला.

"तारीख मी खंयसून आणू? ती देव देता," ते म्हणाले. "तेच्याकडसून भरून घे."

दुर्वानेही फार ताणलं नाही. गावपळण तीन दिवसांची, म्हणजे बहात्तर तास. नियम शहाण्णव तासांचा. मध्ये अख्खा एक दिवस शिल्लक होता, आणि तिच्या आठवणीत पाकळी कधी डावी पडली नव्हती.

गुरुवारी सकाळी ती डावी पडली.

प्रणालीताईचा, म्हणजे सरपंच प्रणाली तांडेल यांचा, फोन आला तेव्हा दुर्वाच्या हातातला कंगवा खाली पडला. आणखी एक दिवस, प्रणालीताई म्हणाल्या. उद्या सकाळी परत कौल, तोपर्यंत माळावरच. मग तुझ्या त्या शहाण्णव तासांचं काय, असंही त्यांनी विचारलं. दुर्वाने मनातल्या मनात हिशेब केला. शुक्रवारी सकाळी अकरा. कौल लावायचे ते दहाच्या सुमाराला. जमण्यासारखं होतं, पण सगळं घड्याळाच्या काट्यावर. बघते, असं म्हणून तिने फोन ठेवला आणि धावतच कचेरी गाठली.

बघायला फारसं काही नव्हतं. ती मंडळाची तपासणी अधिकारी, तिच्या टेबलावरच एक बटण होतं. एखाद्या गावाचे मीटर बंद पडले, वीज गेली, तर तेवढ्या तासांच्या नोंदी मागच्या आठवड्याच्या सरासरीने भरून टाकायच्या, याला कचेरीत भरण म्हणत. महिन्यातून चारदोनदा ती ते करायची. भरण केलं की जुळ्याच्या लेखी पारवण्यात माणसं होती, पाणी ओढत होती, आणि गाव शाबूत होतं. खोटं होतं, पण निरुपद्रवी. निदान तिला तसं वाटलं. बटण दाबण्याआधी नियमाप्रमाणे विहिरींचे आलेख उघडावे लागत, म्हणून तिने ते उघडले.

आणि तिची खुर्ची मागे सरकली.

पंप बंद असले की विहीर भरत जाते, हे सांगायला जुळं लागत नाही. किती वेगाने भरते त्यावरून जमिनीखाली किती पाणी आहे ते कळतं. पण त्यासाठी सगळे पंप एकदम आणि बराच काळ बंद हवेत, आणि असं या मुलखात कुठेही कधी झालं नव्हतं. धावणाऱ्या माणसाचीच नाडी सदोदित मोजत राहावं, तसा जुळ्याचा सगळा हिशेब पळत्या पंपांवरचा होता. पारवण्याच्या एकेचाळीस विहिरी तीन दिवस निवांत होत्या. त्या भरत होत्या, पण सरळ भरत नव्हत्या. सहा तास चढत होत्या, सहा तास उतरत होत्या. भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशेजारी तिने तो आलेख ठेवला. दोन्ही रेघा बरोबरीने चालत होत्या.

म्हणजे खालून समुद्र श्वास घेत होता. वरणावर तुपाचा तवंग असावा तसं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पसरलेलं होतं, आणि तो तवंग जुळ्याने मानला होता त्याच्या चौथाईसुद्धा जाड नव्हता.

खाडीपलीकडे नवं बंदर-शहर उभं राहत होतं. चाळीस हजार माणसं, त्यांत पारवण्याचीही किती तरी पोरं कामाला. त्यांच्यासाठी पारवण्यासह नऊ गावांखालचं पाणी उपसायची योजना शनिवारी जुळ्याच्या अंतिम तपासणीला जायची होती. विहिरी उरलेल्या आठ गावांच्या शिवेत खणायच्या होत्या, आणि त्या आठही ग्रामसभांनी हसत हसत हो म्हटलं होतं. पारवण्याच्या नाहीचा तिथे काही उपयोग नव्हता. नाही म्हणायचं ते आपल्या शिवेपुरतं, आणि पाण्याला शीव कळत नाही. उपसा सुरू झाला की दोन वर्षांत नऊही गावांच्या विहिरी खाऱ्या होणार होत्या. एकदा खारं झालेलं पाणी गोडं व्हायला माणसाचा जन्म जातो.

दुर्वा उठून खिडकीपर्यंत गेली, परत आली, परत गेली. मग तिच्या लक्षात आलं ते आणखी वाईट होतं. भरण केलं तर जुळ्याला वाटणार, पंप रोजच्यासारखे चालू होते. पंप चालू असताना विहिरी चढल्या, याचा अर्थ काय? याचा अर्थ खाली अमाप पाणी आहे. ते निरुपद्रवी खोटं योजनेला दुप्पट उपसा मंजूर करून देणार होतं.

मंडळाच्या संचालक तहसीन बागवान लातूरकडच्या होत्या. पन्नाशीच्या, मितभाषी, टेबलावर पाण्याचा तांब्या भरलेला असल्याशिवाय कामाला न बसणाऱ्या. दुर्वाने दोन्ही आलेख त्यांच्यापुढे ठेवले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बागवान मॅडमनी दोनदा ऐकून घेतलं. भरण करू नये, हे आपलं मत त्यांनी लगेच सांगितलं. मग गाव जाईल, दुर्वा म्हणाली. हो, मॅडम म्हणाल्या.

हाताने अपवाद करता येणार नाही का, असं दुर्वाने विचारलं. चार वर्षं सरपंचांनी हेच विचारलं की ती सभ्यपणे नाही म्हणत आली होती. तिचेच शब्द आता तिला ऐकावे लागणार हे तिला कळत होतं, तरी तिने विचारलं.

"मी आठवीत असेपर्यंत आमच्याकडं टँकर यायचा," मॅडम म्हणाल्या. "वरच्या गावानं बंधारा अडवून धरलेला. त्यांची ग्रामसभा, त्यांचा ठराव, सगळं कायद्यात बसणारं. आई दीड कोस चालायची. विभागाच्या मंडळानं तो बंधारा त्यांच्या मनाविरुद्ध उघडला, तेव्हा मी पहिल्यांदा घरच्या नळाला हात धुतले. एक नोंद हातानं बदलली ना दुर्वा, की उद्या दोनशे अकरा सरपंच दारात उभे राहतील, आणि त्यांतला एकेक वरचं गाव असेल."

मग त्यांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. भरणाचा अधिकार दुर्वाचा आहे, त्यात त्या हात घालणार नाहीत, मात्र एकदा भरण झालं की मूळ नोंद पुरावा म्हणून कुठेच चालणार नाही, हे तिने लक्षात ठेवावं, एवढं त्या म्हणाल्या. दुर्वाला वाटलं होतं की त्या हुकूम देतील. हुकूम मिळाला असता तर निदान रागवायला कुणी तरी मिळालं असतं.

दुपारी दोनला ती माळावर पोचली. इथे नुसती जत्रा होती. खोपींच्या रांगा, मधूनमधून चुली, सुक्या बांगड्याचा वास, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, पत्त्यांचे डाव, कुणाची तरी शेळी कुणाच्या तरी खोपीत शिरल्यावरून चाललेलं भांडण. एक दिवस वाढला म्हणून लोक खुशीत होते. वर्षानुवर्षं न बोललेले दोघे भाऊबंद एका चुलीवर जेवत होते, कारण खोपी शेजारी आल्या होत्या. दुर्वाला चार जणींनी जेवायला थांबवलं आणि ती चौघींनाही नंतर येते म्हणाली.

बाबा आणि प्रणालीताई काजूच्या झाडाखाली बसले होते. दुर्वाने त्यांना सगळं सांगितलं, जितकं सोपं करून सांगता येईल तितकं. बटण, विहिरी, समुद्र, शनिवार. बोलताना तिची बोटं सारखी गवत उपटत होती.

प्रणालीताईंचं मत तिथल्या तिथे ठरलं. गाव वाचव, पाण्याचं मागाहून बघू. ग्रामपंचायत गेली तर त्यांच्या कोळीवाड्याची जाळी सुकवायची पुळण पहिली जाईल. मंडळाचा तिच्यावर कधीचा डोळा आहे आणि दोनदा ग्रामसभेच्या नाहीनेच ती वाचली आहे. दुर्वाने मग बाबांना विचारलं, सांजचा परत कौल लावता येणार नाही का.

"दिवसाक एकच," बाबा म्हणाले.

मग दहा घरं तरी आत पाठवा. दहाच, दोन तासांसाठी. आंघोळी करतील, भांडी घासतील, येतील परत. बाबांनी माळाकडे हात केला आणि म्हणाले, इचार तेंका, जाता कोण. तिने विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं, आणि ती स्वतःसुद्धा गेली नसती.

"बाबा, मी काय करू, ता तरी सांगा," ती शेवटी म्हणाली. चौतीस वर्षांची बाई, दोनशे बारा गावांची नोंद जिच्या हातात, तिला रडू येत होतं आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

बाबांनी पानाचा डबा उघडला, मिटला.

"आमी नसताना गाव कसो असता, ता एकदा कळूक होया," ते म्हणाले. "म्हणान सोडतंव. माज्या बापाशीन माका इतक्याच सांगलेल्यान. तुज्या कामाचा मी काय सांगतलंय?"

शुक्रवारी साडेनऊला बाबा आणि मानकरी आंघोळी करून, ओलेत्यानेच शिवेच्या आत गेले. गाव शिवेवर उभं राहिलं. सामान बांधलेलं, गुरं सोडलेली, पोरांना हाताशी धरलेलं. उजवा कौल झाला की देवळात नौबत वाजते. ती ऐकू आली की आत जायचं. शिवेपासून पहिली घरं पाच मिनिटांवर होती. साडेदहापर्यंत नौबत वाजली तर सगळंच वाचत होतं, गावही आणि विहिरींची नोंदही. दुर्वाच्या हातात कचेरीची घडीच्या पडद्याची पाटी होती आणि पाटीवर टेबलावरचंच भरणाचं बटण.

दहा वाजले. साडेदहा झाले. नौबत नाही आणि डाव्या कौलाचा शंखही नाही. म्हणजे दोन्ही पाकळ्या पाषाणाला चिकटून होत्या. थंडीचे दिवस, देवळात गारवा, पाकळी सुकायला वेळ लागतो. दुर्वा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. एक गाय शीव ओलांडून आत निघाली, तिला दोघांनी मागे ओढलं.

पावणेअकरा.

प्रणालीताई तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. "दाब ता दुर्वा," त्या हळूच म्हणाल्या. "कसली वाट बघतंस?"

दुर्वाचा अंगठा पाटीच्या काठावर होता. दाबलं तर या सगळ्यांची ग्रामसभा राहणार होती आणि दोन वर्षांत त्यांच्या घागरी खारट होणार होत्या, शिवाय शेजारच्या आठ गावांच्या. नाही दाबलं तर पाणी राहणार होतं आणि त्यावर बोलायचा हक्क जाणार होता. तिला क्षणभर बाबांचा भयंकर राग आला. आत देवळात एक माणूस पाकळीपासून वीतभर अंतरावर उभा होता, नुसता जोरात श्वास सोडला असता तरी काम झालं असतं. मग तिला तिचा स्वतःचा अंगठा दिसला आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

अकराला दोन मिनिटं असताना तिने पाटी मिटली आणि पिशवीत घातली.

अकरा वाजता पिशवीत एकदा बारीक घरघर झाली. अकरा वाजून वीस मिनिटांनी नौबत वाजली.

लोक हसत, एकमेकांना हाका मारत, कोंबड्या काखोटीला मारून गावात शिरले. पाच मिनिटांत पहिला पंप सुरू झाला, दहा मिनिटांत चाळीस. कायद्याने ज्या गावात कुणी राहत नव्हतं त्या गावाच्या चुली पेटल्या. प्रणालीताई मात्र शिवेवरच थांबल्या होत्या.

"तू आमची की त्यांची, ता आज कळला," त्या म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

शनिवारी जुळ्याने योजना नामंजूर केली. भरतीबरोबर डोलणाऱ्या विहिरी त्याने पाहिल्या, नऊ गावांचं पाणी तीस वर्षं पुढे नेऊन पाहिलं आणि बंदर-शहरासाठी घाटातल्या जुन्या तलावाचा लांबचा, पण टिकणारा पर्याय सुचवला. शेजारच्या आठ गावांना आपण कशातून वाचलो याचा पत्ताही लागला नाही. उलट योजना गेली म्हणून त्यांनी पारवण्याच्या नावाने बोटं मोडली. त्याच आठवड्यात पारवणे ग्रामपंचायत विसर्जित झाल्याचा कागद निघाला. वैशाखात जाळी सुकवायच्या पुळणीवर मंडळाने माल उतरवायच्या आवाराची आखणी केली. जुळ्याच्या हिशेबाने जागा अगदी योग्य होती. नाही म्हणणारं कुणी नव्हतं.

दुर्वा गणपतीला घरी गेली तेव्हा बाबा तिच्याशी मोदकांविषयी बोलले, हवेविषयी बोलले. पाकळीविषयी एकदाच बोलले, हात धुताना, तिच्याकडे न बघता.

"माजो हात बाजूकच होतो," ते म्हणाले. "नुसती फुंकर पुरली असती."

"माझा पण," दुर्वा म्हणाली.

"ठावक हा माका." त्यांनी पंच्याला हात पुसले आणि आरतीला गेले.

जुळं मात्र बदललं होतं, आणि ते बदलणं सगळ्यांत आधी बागवान मॅडमना दिसलं. दर महिन्याला ते एक नकाशा काढायचं, आपल्याला कुठलं नीट ठाऊक नाही याचा. जिथे खात्री तिथे पांढरं, जिथे शंका तिथे करडं. आजवर मुलूख पांढरा असायचा आणि पारवण्यासारखे खाडीकाठचे दोनचार ठिपके करडे. हळूहळू, महिन्यागणिक, ते उलटं झालं. विश्रांती घेतलेल्या एकेचाळीस विहिरींनी जुळ्याला शिकवलं होतं की चालत्या पंपांवरून बांधलेला अंदाज किती चुकतो. ती चूक त्याने सगळीकडे लावून पाहिली. आश्विनातल्या नकाशात दोनशे अकरा गावं करडी होती. मधोमध एक पांढरा ठिपका होता, आणि त्यावर लिहिलं होतं: रिक्त.

नकाशाखाली जुळ्याची शिफारस होती. किनाऱ्यावरची गावं एकेक करून तीन दिवस रिकामी व्हावीत. सुरुवात पारवण्यापासून व्हावी, कारण तिथे ही पद्धत आहे, आणि एका मोजणीवर अवलंबून राहणं बरं नाही. कुणालाही घराबाहेर काढायचं तर ग्रामसभेची संमती लागते, हा नियम मंडळाचाच. बागवान मॅडमनी ती शिफारस तीनदा वाचली. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मंडळाच्या छापील कागदावर एक पत्र हाताने लिहिलं आणि दुर्वाच्या हवाली केलं. पाकिटावर पत्ता होता: ग्रामसभा, पारवणे.

"पोचतं का बघ," त्या म्हणाल्या, आणि दुर्वाच्या डोळ्याला डोळा देणं त्यांना जमलं नाही.

बाबा विहिरीच्या कठड्याशी बसून सुपारी सोलत होते. दुर्वाने पत्र वाचून दाखवलं. प्रणालीताईंनाही बोलावून घेतलं होतं. त्या आल्या, पण परसदारातच उभ्या राहिल्या. पत्रात मंडळाने सविनय विनंती केली होती की पारवण्याने येत्या मार्गशीर्षात पुन्हा गावपळण करावी. तारीख गावाने ठरवावी, देवाला विचारून.

बाबांनी पुढची सुपारी हातात घेतली.

"गावात कोण नाय म्हणान तुमीच लिवलात," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते खरंच विचारत होते. "मगे आता गाव सोडतलो कोण?"

दुर्वाने पत्र पालथं केलं. दारातून प्रणालीताई पहिल्यांदाच हसल्या, थोडंसंच.

"आदी गाव परत करा," बाबा म्हणाले. "मगे गाव देवाक इचारतलो. ह्या असाच लिव."

दुर्वाने ते पत्राच्या पाठीवर असंच लिहिलं. बाबांनी उठून विहिरीतून कळशी ओढली, तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला. पाणी पी आणि जा, उन्हं चढली, असं म्हणाले. तिने एका दमात तांब्या रिकामा केला. मग ती कठड्यावर बसली, पत्र परत गुडघ्यावर घेतलं आणि तपासणी अधिकाऱ्याच्या शेऱ्यासाठी सोडलेल्या जागेत, जिथे चार वर्षांत तिने कधी एक अक्षर हाताने लिहिलं नव्हतं, तिथे लिहिलं:

वस्ती रिक्त नाही. आज दुपारी बारा वाजता इथल्या विहिरीचं पाणी मी स्वतः प्याले आहे. गोडं आहे. दुर्वा दिगंबर घाडी, राहणार पारवणे.